कॅशे ड्राइव्ह बदलताना: सोलापुरातल्या एका घरच्या सर्व्हरचं प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. "अरे, फोटो उघडायलेच नाहीत बघ. नुसतं गोल फिरायलंय." मामांचं घर अशोक चौकाच्या मागच्या बाजूला आहे, खाली टॉवेलचा कारखाना, वर राहायची जागा. वरच्या मजल्यावर पत्र्याच्या खोलीत जुन्या डेस्कटॉपमधून तयार केलेला एक सर्व्हर आहे. तीन वर्षांपूर्वी तो मीच जोडून दिला होता, त्यामुळे तो बिघडला की माझ्याही पोटात गोळा येतो.

सर्व्हरवर अनरेड चालतं, म्हणजे घरच्या सर्व्हरसाठीची एक ऑपरेटिंग सिस्टिम. ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क, त्यातली एक पॅरिटीची (दुसरी एखादी डिस्क गेली तर तिच्यावरचा डेटा परत उभा करणारी), म्हणजे वापरायला १२ टीबी. या डिस्कच्या गटाला ॲरे म्हणतात. त्यांच्या पुढ्यात ५०० जीबीचा एक एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डच्या खाचेत बसणारा वेगवान ड्राइव्ह), कॅशे म्हणून. दोन घरांचे फोटो इमिच या फोटो सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कारखान्याची डिझाइनं एका शेअरमध्ये (नेटवर्कवरून उघडणाऱ्या सामायिक फोल्डरमध्ये), आणि सव्वादोन वर्षांपासून खालच्या मजल्यावरच्या चार कॅमेऱ्यांचं चोवीस तास चालणारं रेकॉर्डिंग. फोटोंमध्ये आजीचे शेवटच्या गड्ड्याच्या यात्रेतले फोटो आहेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत तिला खुर्चीवर बसवून नेलं होतं तेव्हाचे. मामांनी फोनवर डिझाइनचा विषय काढलाच नाही. आजीचे फोटो आहेत ना, एवढंच दोनदा विचारलं.

मी पोचेपर्यंत मामेभावाने सर्व्हर तीनदा रिस्टार्ट केला होता. दरवेळी दोन-तीन तास बरं चालायचं, मग पुन्हा तेच. यात दोन नुकसानं झाली. अनरेड आपला लॉग मेमरीत ठेवतं, त्यामुळे मशीन बंद होताच आधी काय घडलं त्याचा पुरावा पुसला गेला. आणि दुसरं असं की लिहिताना चूक झाल्यावर फाइलसिस्टिम (ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) स्वतःला 'फक्त वाचा' अवस्थेत नेत होती. ती तिची स्वतःला वाचवायची धडपड होती. रिस्टार्टने ती दरवेळी पुन्हा लिहिती व्हायची आणि मरायला टेकलेल्या ड्राइव्हवर डॉकरचे सगळे कंटेनर, म्हणजे सर्व्हरवर आपापल्या डब्यांत चालणारे प्रोग्रॅम, एकदम तुटून पडायचे.

ड्राइव्हचा स्मार्ट अहवाल, म्हणजे त्याने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, उघडला. पर्सेंटेज यूज्ड १२३. हा आकडा १०० वर थांबत नाही, कंपनीने धरलेलं आयुष्य संपल्यावरही पुढे चढत राहतो. अव्हेलेबल स्पेअर, म्हणजे खराब झालेल्या जागेच्या बदल्यात वापरायची राखीव जागा, ४ टक्के; धोक्याची रेषा १० टक्क्यांवर. क्रिटिकल वॉर्निंग शून्य असायला हवं, ते १ होतं. स्पेअर रेषेखाली गेलं की पहिला बिट असा चढतो. मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स २१२. इतकं वाचल्यावर 'बघू, अजून थोडे दिवस चालेल' म्हणायला जागा नव्हती.

घरात सगळ्यांचं मत एकच, उन्हाने गेला. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली कुठलंही यंत्र ठेवलं तर दोष उन्हाकडे जाणारच, आणि ड्राइव्हचं तापमान दुपारी ७२ अंशांपर्यंत जात होतं हेही खरं. केसच्या जाळीवर सुताच्या तुसाचा थर होता, हवा जवळजवळ येतच नव्हती. तरीही मी ते मत मान्य केलं नाही, कारण त्याच अहवालात आणखी एक आकडा होता: डेटा युनिट्स रिटन, साधारण २९ कोटी. एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट. गुणाकार केला की १४८ टीबी येतात. या ड्राइव्हच्या कागदावर टीबीडब्ल्यू, म्हणजे आयुष्यभरात किती लिहिता येईल त्याची हमी, १२० टीबी होती. क्यूएलसी चिपचा (एका पेशीत चार बिट ठेवणारी, लवकर झिजणारी), स्वतःची डीरॅम मेमरी नसलेला स्वस्त ड्राइव्ह. त्याच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करणं अन्यायच.

मग १४८ टीबी लिहिलं कुणी? दोन घरांचे फोटो मिळून १ टीबीही नाहीत. लिहिलं कॅमेऱ्यांनी. एका कॅमेऱ्याचे ४ मेगाबिट, चारांचे मिळून १६ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला २ एमबी. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. रोजचे १७२ जीबी झाले, वर्षाचे ६३ टीबी, आणि सव्वादोन वर्षांचे १४० च्या वर. कॅमेऱ्यांचा शेअर बनवताना 'आधी कॅशेवर लिही, मग रात्री ॲरेवर हलव' ही जुनीच सेटिंग त्याला लागली होती. हार्ड डिस्कला सेकंदाला २ एमबी म्हणजे झोपेतलं काम. ते आपण एसएसडीकडून करून घेतलं आणि सव्वादोन वर्षांत त्याचं आयुष्य संपवलं.

कॅशे या नावाची फसगत

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हेच. ब्राउझरचा कॅशे पुसला तर काही बिघडत नाही, कारण तिथे असते ती नक्कल; मूळ वस्तू दुसरीकडे शाबूत असते. तोच अर्थ मनात धरून लोक घरच्या सर्व्हरमधल्या कॅशे ड्राइव्हकडे बघतात. 'कॅशेच आहे, काढला आणि नवा लावला' हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे.

अनरेडमधला कॅशे हा गोदामाबाहेरचा धक्का आहे. दिवसभर माल धक्क्यावर उतरतो आणि रात्री हमाल तो आत नेऊन लावतात. मूव्हर नावाचा प्रोग्रॅम हे हमालाचं काम करतो; मामांच्या सर्व्हरवर तो पहाटे ३:४० ला सुटतो. धक्क्यावरचा माल आतल्या मालाची नक्कल नसते. आत जाईपर्यंत तो तेवढा एकच असतो. आणि पॅरिटी डिस्क राखण करते ती फक्त आतल्या मालाची. कॅशेवर एकटा ड्राइव्ह असेल तर तिथल्या फाइलींना पॅरिटीचा काडीचा उपयोग नाही.

शिवाय काही माल मुळात आत न्यायचाच नसतो. डॉकरच्या प्रोग्रॅमांचा डेटा ज्या ॲपडेटा फोल्डरमध्ये राहतो तो वेगासाठी कायम कॅशेवर ठेवतात. इमिचचे मूळ फोटो आत ॲरेवर होते, पण कुठला फोटो कुणाचा, कुठल्या अल्बममधला, चेहरा कुणाचा, हे सगळं सांगणारा पोस्टग्रेसचा डेटाबेस धक्क्यावरच पडलेला होता.

इथवर मला कल्पना होती. खरा हादरा डिझाइनच्या शेअरने दिला. शेअरची यादी उघडली तर त्याच्यापुढे केशरी त्रिकोण. म्हणजे या शेअरमधल्या फाइली असुरक्षित आहेत. आठ महिन्यांपूर्वी मामेभावाला डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फाइल उघडायला वेळ लागतो असं वाटलं, म्हणून त्याने शेअरची मुख्य जागा कॅशे आणि दुय्यम जागा 'काही नाही' अशी केली. वेग वाढला, त्यालाही बरं वाटलं. पण दुय्यम जागा नसलेल्या शेअरकडे मूव्हर वळूनही बघत नाही. त्या दिवसापासून काढलेलं प्रत्येक डिझाइन फक्त त्या एकाच ड्राइव्हवर होतं. एकूण २,३१६ फाइली, ३८ जीबी.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कॅशे बदलायची नेहमीची कृती अशी: डॉकर बंद करा, शेअर ॲरेकडे वळवा, मूव्हर चालवा, ड्राइव्ह काढा. घाईत ॲपडेटा तेवढा वळवून मूव्हर चालवला असता तर तो कुरकुर न करता काम संपवून मोकळा झाला असता आणि डिझाइनं जागच्या जागी राहिली असती. नंतर तो ड्राइव्ह कुणी पुसला असता तर आठ महिन्यांचा धंदा गेला असता. म्हणून आता मी मूव्हर संपल्याचा निरोप पुरावा धरत नाही. कॅशेची थेट फोल्डर उघडून बघतो, आत एकही फाइल उरली नाही याची खात्री डोळ्याने करतो.

प्रत काढली, हलवलं नाही

ड्राइव्ह धडधाकट असेल, फक्त मोठा घ्यायचा असेल, तर मूव्हरच वापरावा. इथे मी तो मुद्दाम टाळला. मूव्हर फाइल पलीकडे लिहून झाली की इकडची पुसतो, आणि पुसणं म्हणजे पुन्हा लिहिणंच. आधीच लिहिताना अडखळणाऱ्या ड्राइव्हला हजारो फाइली पुसायला लावण्यात काय अर्थ? मला त्याच्याकडून फक्त वाचून घ्यायचं होतं.

आधी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग थांबवलं. मग सेटिंगमध्ये जाऊन डॉकर आणि व्हर्च्युअल मशीन या दोन्ही सेवा पूर्ण बंद केल्या. नुसते कंटेनर थांबवून भागत नाही. सेवा चालू असेतो डॉकरची इमेज फाइल उघडीच राहते.

कॅशेवर ३१० जीबी होते. त्यातले १७० कॅमेऱ्यांचे. ते सोडून दिले, मामांची परवानगी घेऊन. ४० जीबीची डॉकर इमेजही सोडली, कारण ती नव्याने बनवता येते आणि कंटेनरांचे साचे बूटच्या पेनड्राइव्हवर सुरक्षित असतात. उरले ३८ जीबी डिझाइनं, ४६ जीबी ॲपडेटा आणि मूव्हर न चालल्यामुळे अडकलेले १६ जीबी नवे फोटो. क्रम मी असाच लावला: ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही ते आधी.

कॉपी आरसिंक या कॉपी करायच्या प्रोग्रॅमने, सर्व्हरच्या आतल्या आत केली. लॅपटॉपवरून शेअर उघडून ओढून टाकलं असतं तर फाइलींचे मालक आणि परवानग्या बदलल्या असत्या, आणि पोस्टग्रेस आपल्या फोल्डरचा मालक बदललेला दिसला की सुरूच होत नाही. दुसरी काळजी मार्गाची. कॅशेच्या थेट मार्गावरून डिस्क १ च्या थेट मार्गावर कॉपी करायची. एका बाजूला थेट डिस्क आणि दुसऱ्या बाजूला एकत्रित यूजर शेअर (सगळ्या डिस्कवरच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये दाखवणारा मार्ग) अशी सरमिसळ करायची नाही. दोन्ही मार्ग एकाच फाइलकडे बोट दाखवत असले तर ती फाइल स्वतःवरच लिहिली जाते आणि शून्य बाइटची होते. अनरेडमधली ही जुनी, माहितीतली खोट आहे आणि तिने चांगल्या-चांगल्यांचा डेटा खाल्ला आहे.

वेग सेकंदाला २५ एमबीच्या आसपास, मध्येच दोन-दोन मिनिटं शून्य. डिझाइनं निम्म्याच्या वर आली होती आणि लाईट गेली. दुपारचे चार वाजले होते, खालचे लूम एकदम गप्प झाले. यूपीएसवर १२ मिनिटं दिसत होती. मी कॉपी थांबवली, ॲरे नीट बंद केला, मशीन बंद केलं. मामी ताक घेऊन आल्या आणि आम्ही तासभर बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. लाईट आल्यावर आरसिंकने झालेल्या फाइली वगळून उरलेलं काम पुढे नेलं. साधी कॉपी करत असतो तर कुठवर आलो होतो ते शोधण्यातच रात्र गेली असती.

शेवटी हिशेब: २,३१६ पैकी ७ डिझाइनं वाचता आली नाहीत. फोटो सगळे आले. ॲपडेटामधल्या नेमक्या पोस्टग्रेसच्या दोन फाइली गेल्या.

ही यादी इतकी नेमकी मिळाली ती कॅशेवरच्या बीटीआरएफएस या फाइलसिस्टिममुळे. ती प्रत्येक तुकड्याची चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, जपते, त्यामुळे सडलेला तुकडा ती खरा म्हणून पुढे करत नाही, सरळ 'वाचता येत नाही' म्हणते. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम डेटाची चेकसम ठेवत नाही. तिथे ड्राइव्हने चुकीचे बाइट दिले तर तेच कॉपी झाले असते आणि महिन्याभराने लूमवर चुकीची बॉर्डर उमटल्यावर कळलं असतं. अर्थात बीटीआरएफएसला चूक कळली तरी ती दुरुस्त करता आली नाही, कारण दुरुस्तीला दुसरी प्रत हवी आणि ड्राइव्ह एकच होता.

डेटाबेस गेला तरी इमिच वाचलं. ते रोज रात्री आपल्या डेटाबेसची प्रत काढून फोटोंच्याच मुख्य फोल्डरमध्ये ठेवतं, आणि तो फोल्डर ॲरेवर होता. शेवटची चांगली प्रत चार दिवसांपूर्वीची निघाली. तिच्यावरून सगळं उभं राहिलं. चार दिवसांत बनवलेला एक अल्बम तेवढा पुन्हा बनवावा लागला.

नवे ड्राइव्ह

या वेळी एकाऐवजी दोन, एकमेकांचा आरसा म्हणून. दोन्ही १ टीबीचे, टीएलसी चिपचे (एका पेशीत तीनच बिट), ६०० टीबीडब्ल्यू हमीचे. मदरबोर्डवर एम.२ ची खाच एकच असल्याने एक एनव्हीएमई आणि दुसरा साधा साटा एसएसडी घेतला. आरशात लिहिण्याचा वेग हळू ड्राइव्हच्या वेगाने चालतो, म्हणजे एनव्हीएमईचा जोर वाया जातो, हे मान्य. पण घरातलं नेटवर्क गिगाबिटचं, सेकंदाला ११० एमबीच्या आसपास नेणारं. साटा एसएसडीसुद्धा त्याच्या कितीतरी पुढे आहे.

दोन ड्राइव्ह मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतले. आरशातल्या दोन्ही ड्राइव्हवर अगदी सारखंच लिहिलं जातं. एकाच खोक्यातून काढलेली जुळी भावंडं असतील तर ती साथीनेच म्हातारी होतात आणि एक गेल्यावर दुसऱ्याचा भरवसा राहत नाही. साटाचा नव्या पेठेत मिळाला. एनव्हीएमई पुण्याहून मावसभावाने संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने आणला.

बसवणं हे खरं तर सगळ्यात सोपं काम. ॲरे बंद, मशीन बंद, एक स्क्रू, जुना बाहेर, नवा आत. वर ॲल्युमिनियमची पातळ उष्णतापट्टी चिकटवली, केसमधलं तूस ब्लोअरने साफ केलं, आणि मशीन पत्र्याखालून काढून मधल्या खोलीत आणलं. ऊन मुख्य गुन्हेगार नसलं तरी त्याला मोकळं सोडायचं कारण नाही.

दोन जागा मात्र अशा आहेत जिथे मी मामेभावाला शेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावलं. पहिली म्हणजे फॉरमॅटचं बटण. नवे ड्राइव्ह पूलमध्ये (ॲरेबाहेरच्या ड्राइव्हच्या गटात) लावून ॲरे सुरू केला की अनरेड 'माउंट न होणाऱ्या', म्हणजे त्याला उघडता न येणाऱ्या, डिस्कची यादी दाखवतं आणि खाली फॉरमॅटचा पर्याय देतं. त्या यादीत फक्त नवे दोनच असायला हवेत. चुकून एखादी ॲरेची डिस्क तिथे दिसली तर हात मागे घ्यायचा; फॉरमॅट त्या यादीतल्या सगळ्यांना लागू होतं. दुसरी जागा डॉकरची. कॅशे रिकामा असताना डॉकर आपोआप सुरू झालं तर सगळे प्रोग्रॅम नवे कोरे फोल्डर बनवून बसतात आणि जुना डेटा परत आणताना गोंधळ होतो. म्हणून ॲपडेटा जागेवर येईपर्यंत ती सेवा बंदच ठेवली.

पूल झेडएफएस या फाइलसिस्टिमचा केला. अनरेडमध्ये ती सोय २०२३ च्या ६.१२ आवृत्तीपासून आहे. बीटीआरएफएसचा आरसाही चालला असता. लाईट वारंवार जाणाऱ्या जागी माझा कल झेडएफएसकडे आहे, इतकंच. आता चेकसम चुकली तर दुसऱ्या ड्राइव्हवरून तुकडा आपोआप दुरुस्त होतो.

कॅमेऱ्यांना पुन्हा एसएसडीच्या जवळ येऊ दिलं नाही. माझ्याकडे २ टीबीची एक जुनी हार्ड डिस्क पडून होती, ती वेगळा पूल म्हणून लावली आणि रेकॉर्डिंग थेट तिच्यावर वळवलं. सात दिवसांचं मिळून १.२ टीबी होतं, आरामात मावतं. ती डिस्क गेली तर सात दिवसांचं चित्रण जाईल. त्याची मामांना हरकत नाही. डिझाइनचा शेअर पुन्हा ॲरेकडे वळवला आणि त्याची एक प्रत दर रविवारी खालच्या ऑफिसमधल्या डिस्कवर जाते, कारण आरसा आणि पॅरिटी दोन्ही चुकून पुसलेल्या फाइलीपुढे हतबल असतात. जुना ड्राइव्ह तारीख टाकून पाकिटात ठेवला आहे, सहा महिने तरी त्याला हात लावायचा नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा आकडे पाहिले. रोजचं लिखाण सरासरी ११ जीबी, तीन महिन्यांचं मिळून १ टीबी, पर्सेंटेज यूज्ड दोन्हीकडे शून्य.

राहिली ती सात डिझाइनं. लूमवर नक्षी विणून घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला डिझाइन पेनड्राइव्हने देतात, आणि कारखान्याच्या टेबलाच्या खणात असे नऊ पेनड्राइव्ह निघाले. त्यांत पाच सापडली. सहावं एका व्यापाऱ्याला मेल केलेलं होतं. सातवं कुठेच नव्हतं, कमळाच्या बॉर्डरचा एक टॉवेल, फेब्रुवारीत एकदाच काढलेला. मामांनी नमुन्यांच्या कपाटातून त्याचा तुकडा शोधून काढला, टेबलावर पसरला, सूत मोजायचं भिंग त्याच्यावर ठेवलं आणि मामेभावाला म्हणाले, "मी मोजतो, तू भर." दुपारी अडीचला बसले होते. मी रात्रीच्या गाडीला निघालो तेव्हा दोघं बॉर्डरच्या तिसऱ्या पाकळीवर होते.